फेल झालेली द्राक्षं जातात कुठे?

"डॉक्टर, द्राक्षं खाऊ की नको?" जानेवारी ते एप्रिल या हंगामात ओपीडीत हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतंच. मधुमेहाचे रुग्ण साखरेच्या काळजीने विचारतात, त्यांचं उत्तर सोपं आहे. पण हल्ली लहान मुलांच्या आया विचारतात, आणि त्यांच्या मनात साखर नसते. त्यांच्या मनात फवारणीचं 'औषध' असतं. (आपल्याकडे विषाला औषध म्हणायची पद्धत आहे. शेतकरी दुकानातून औषध आणतो, पंपात औषध भरतो. तेच औषध पोटात गेलेला माणूस आमच्याकडे आला, की केसपेपरवर मात्र आम्ही 'विषबाधा' लिहितो.)

माझं उत्तर ठरलेलं आहे. द्राक्षं खा, धुऊन खा, मुलांनाही द्या. वैद्यकीयदृष्ट्या हे बरोबर आहे आणि मी ते बदलणार नाही. पण 'धुऊन खा' म्हणताना आपण एक सरकारी काम गुपचूप त्या आईच्या स्वयंपाकघरात ढकलतो. ते काम कुणाचं आहे, ते कुणासाठी केलं जातं आणि कुणासाठी केलं जात नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे.

व्हॉट्सअॅपवरचे व्हिडिओ आधी बाजूला ठेवू. 'बाजारातलं प्रत्येक फळ विषारी' हे खरं नाही. केंद्रीय कृषी मंत्रालय देशभरातून भाज्या, फळं, मसाले, धान्य, दूध वगैरेंचे नमुने घेऊन त्यांतले कीटकनाशकांचे अंश तपासतं. २०१४-१५ या वर्षात असे २०,६१८ नमुने तपासले गेले. त्यांतल्या १८.७ टक्के नमुन्यांत कुठल्या ना कुठल्या कीटकनाशकाचा अंश सापडला, पण ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंश २.६ टक्के नमुन्यांत होता. म्हणजे शंभरातले दोन-तीन. घाबरून फळं सोडावीत असा हा आकडा नाही. फळं-भाज्या कमी खाल्ल्याने होणारं नुकसान यापेक्षा कितीतरी मोठं आहे, आणि ते मी माझ्या रुग्णांत रोज पाहतो.

याच अहवालात दुसराही एक आकडा होता, त्याची चर्चा कमी झाली. सुमारे १२.५ टक्के नमुन्यांत अशी कीटकनाशकं सापडली, जी त्या पिकावर वापरायला परवानगीच नव्हती. इथे प्रमाणाचा प्रश्नच नाही. ते औषध तिथे असायलाच नको होतं. शेतावर, कृषी सेवा केंद्रात, सल्ला देणाऱ्याच्या पातळीवर कुणाचं लक्ष नाही, एवढं या आकड्यावरून कळतं.

आता ही 'मर्यादा' म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला एमआरएल म्हणतात, म्हणजे अन्नात चालू शकणारा कीटकनाशकाचा कमाल अंश. अनेकांना वाटतं, एमआरएलच्या खाली अमृत आणि वर विष. तसं नसतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या प्रमाणाला काही दुष्परिणाम दिसला नाही ते प्रमाण घेतात, त्याला साधारण शंभराने भागतात आणि माणसाने आयुष्यभर रोज खाल्लं तरी चालेल असं प्रमाण काढतात. एमआरएल ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. शिफारशीप्रमाणे फवारणी केली, शेवटची फवारणी आणि काढणी यांत सांगितलेले दिवस पाळले, तर मालात किती अंश उरेल, यावरून ती ठरते. उरलेला अंश आरोग्याच्या मर्यादेत बसतो की नाही, हेही पाहिलं जातं. म्हणून एमआरएल ओलांडलेलं एक द्राक्ष खाऊन कुणी आजारी पडत नाही. पण एमआरएल ओलांडली याचा अर्थ कुणीतरी नियम मोडला. ताप हा स्वतः आजार नव्हे, आजाराची खूण असते, तसंच हे. पण थर्मामीटर लावलाच नाही, तर ताप कळणार कसा?

मुलांचं गणित थोडं वेगळं असतं, तेही सांगतो. साठ किलोच्या माणसाने पाव किलो द्राक्षं खाल्ली आणि बारा किलोच्या मुलाने तेवढीच खाल्ली, तर मुलाच्या शरीरात दर किलो वजनामागे पाचपट अंश जातो. त्याचा मेंदू अजून घडत असतो. क्लोरपायरीफॉस या कीटकनाशकाची परवानगी युरोपीय संघाने २०२० मध्ये याच कारणाने काढून घेतली. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची शक्यता त्यांना नाकारता आली नाही. आपल्याकडे काही पिकांवर ते अजून चालतं.

आता द्राक्षांकडे येऊ.

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि युरोपभर इशारा गेला. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे पट्ट्यातल्या निर्यातीचा प्रश्न होता. सरकार हललं. केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाखालच्या 'अपेडा' या संस्थेने द्राक्षांसाठी अंश-नियंत्रणाचा कार्यक्रम आखला. पुण्याजवळ मांजरीला असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली प्रयोगशाळा त्यासाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. २००६ मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणक प्रणाली आली.

ही व्यवस्था कशी चालते ते वाचा, आणि वाचताना तुमच्या कोपऱ्यावरची हातगाडी डोळ्यांसमोर ठेवा. निर्यातदार शेतकऱ्याची बाग कृषी विभागाकडे नोंदली जाते, तिला क्रमांक मिळतो. कुठली औषधं चालतात, कुठली नाहीत, काढणीआधी किती दिवस फवारणी थांबवायची, याची यादी त्याला मिळते. तो फवारणीची नोंदवही ठेवतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शंभराहून अधिक रसायनांसाठी तपासणी होते. अहवाल ग्रेपनेटवर चढतो. नमुना पास झाला तरच माल मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्ये जातो, अॅगमार्कचं आणि रोग-कीडमुक्ततेचं प्रमाणपत्र मिळतं आणि कंटेनर निघतो. रॉटरडॅमच्या दुकानातल्या डब्यात काही गडबड निघाली, तर तो डबा कुठल्या गावातल्या कुठल्या बागेतून आला हे इथे बसून शोधता येतं.

उत्तम व्यवस्था आहे. आपल्याच शास्त्रज्ञांनी, अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी ती उभी केली, याचा अभिमान वाटावा अशी.

तरीही २०१० मध्ये तिला ठेच लागली. युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. ते कीटकनाशक नव्हे. एप्रिल छाटणीनंतर वेलीचा जोर आवरून घडनिर्मिती वाढावी म्हणून फवारलं जाणारं ते वाढ-नियंत्रक आहे. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती आणि आपल्या तपासणीच्या यादीत हे रसायनच नव्हतं. कंटेनर अडकले, शेतकरी आणि निर्यातदार कर्जात गेले. मग सीसीसी यादीत आलं, पुढच्या हंगामापासून त्याची तपासणी सुरू झाली.

हे सगळं मी इतक्या तपशिलात का सांगतोय? कारण २०१० च्या त्या हंगामात तीच द्राक्षं आपणही खात होतो. त्याच बागांतली, तेच सीसीसी फवारलेली. जर्मनी-हॉलंडमधल्या ग्राहकाला त्याच्या सरकारने सांगितलं. आपल्याला आपल्या सरकारने सांगितलं नाही, कारण आपल्या हातगाडीवरच्या घडात काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं.

आता लेखाच्या शीर्षकातला प्रश्न. ग्रेपनेटमध्ये बाग 'फेल' झाली, की अंतर्गत इशारा निघतो आणि त्या बागेचा माल युरोपला जाणं थांबतं. पुन्हा नमुना घेता येतो, तो पास झाला तर दार उघडतं. आणि नाही झाला तर? घड काही वेलीवर ठेवता येत नाहीत. ते तोडले जातात, क्रेटमध्ये भरले जातात आणि विकले जातात. देशातल्या बाजारात जाण्यापासून त्यांना अडवणारी एकही पायरी या कार्यक्रमात नाही. निर्यात थांबवणं एवढंच त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

न्यायाने बोलायचं तर युरोपच्या मर्यादा अनेकदा आपल्यापेक्षा कडक असतात. तिथे फेल झालेला घड आपल्या नियमांत पास होऊ शकतो. त्यामुळे परत आलेला प्रत्येक क्रेट विषारी, असं मी मुळीच म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. त्यातला जो माल आपल्या मर्यादेतही बसत नाही, त्याचा अहवाल सरकारच्याच संगणकावर असतो. तरी तो अहवाल वाणिज्य मंत्रालयाकडून आरोग्य खात्याकडे जाऊन मुंबई किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातला क्रेट थांबवत नाही. माहिती आहे, मर्यादा आहे, कायदा आहे. मध्ये फक्त एक तार जोडायची राहिली आहे, आणि ती कुणी जोडत नाही.

कारण सरळ आहे. निर्यात वाणिज्य मंत्रालयाकडे, कीटकनाशकांची नोंदणी कृषी मंत्रालयाकडे आणि अन्नसुरक्षा आरोग्य मंत्रालयाखालच्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाकडे, म्हणजे एफएसएसएआयकडे. प्रत्यक्ष नमुने घेणार राज्याचं अन्न व औषध प्रशासन, आपलं एफडीए. कंटेनर परत आला की नुकसान रुपयांत दिसतं, कुणाच्या तरी टेबलावर फाइल येते, खासदार प्रश्न विचारतात. कल्याणच्या चाळीतल्या मुलाने वर्षानुवर्षे थोडं थोडं काय खाल्लं, याची फाइल कुठल्याच टेबलावर येत नाही.

कायद्याचं कारण पुढे केलं जातं, तेही तपासू. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम १८ नुसार शेतकरी आणि शेतीवरचा माल या कायद्याच्या बाहेर आहे. ते योग्यच आहे, शेतकऱ्यामागे आणखी एक इन्स्पेक्टर लावायची गरज नाही. पण माल शेतकऱ्याच्या हातून व्यापाऱ्याच्या हातात गेला, की तो कायद्याने 'अन्न' होतो. कलम २१ नुसार त्यातला कीटकनाशकांचा अंश मर्यादेबाहेर असता कामा नये. म्हणजे बाजार समितीच्या गाळ्यावर, घाऊक व्यापाऱ्याकडे, मॉलमध्ये नमुना घ्यायचा पूर्ण अधिकार एफडीएला आहे. अधिकार आहे, पण क्रेटवर बागेचा क्रमांक नाही. नमुना खराब निघाला, तर तो गाळेवाल्यापाशी येऊन थांबतो. गाळेवाला म्हणतो, दहा बागांचा माल आला होता, कुठला ते मला काय माहीत. आणि त्याचं म्हणणं खरं असतं!

नमुना घेऊनही काय होतं, ते दर दिवाळीला दिसतं. 'भेसळयुक्त खवा जप्त' अशी बातमी येते, अधिकाऱ्यांसोबत पोत्यांचा फोटो येतो. कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी चौदा दिवस आहेत. तोवर भाऊबीजही झालेली असते. उन्हाळ्यात हीच बातमी कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेल्या आंब्यांची येते. छापे घालू नयेत असं मी म्हणत नाही. पण छापा ही बातमी असते. देखरेख ही रोजची, कंटाळवाणी, बातमी न होणारी गोष्ट असते, आणि तीच आपल्याकडे नाही.

प्रयोगशाळांचं म्हणाल, तर देशाच्या महालेखापरीक्षकांनी, म्हणजे 'कॅग'ने, २०१७ च्या अहवालात लिहिलं की नमुने जिथे पाठवले जात होते त्या ७२ राज्य अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता नव्हती. रक्त तपासायला मी माझ्या रुग्णाला अशा लॅबमध्ये पाठवलं, तर तुम्ही मला दोष द्याल. त्यानंतर काही प्रयोगशाळांना नवी यंत्रं मिळाली, हे मान्य. पण निर्यातीसाठी मात्र २००३ च्या धक्क्यानंतर लगेच मान्यताप्राप्त प्रयोगशाळांची साखळी उभी राहिली होती, हे विसरू नका. म्हणजे 'आपल्याला जमत नाही' हे खरं नाही.

जमतं, याचा आणखी एक पुरावा देतो. २०१४ मध्ये नेमक्या महाराष्ट्र दिनापासून, १ मेपासून, युरोपीय संघाने आपला हापूस आणि चार भाज्या बंद केल्या. तक्रार फळमाशीची होती, विषाची नव्हती. किती धावपळ झाली! पॅकहाऊसमधली तपासणी बदलली, आंब्यावरच्या प्रक्रिया बदलल्या, आणि पुढचा हंगाम सुरू होण्याआधी, जानेवारी २०१५ मध्ये, आंब्यावरची बंदी उठवण्याचा निर्णय झाला. दहा महिन्यांच्या आत!

मसाल्यांचीही तीच कथा. एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्न सुरक्षा केंद्राने दोन नामांकित भारतीय कंपन्यांच्या काही मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं जाहीर केलं. हा वायू आम्हा डॉक्टरांना चांगला ओळखीचा आहे. ऑपरेशन थिएटरमधली उष्णता न सोसणारी उपकरणं आम्ही त्याने निर्जंतुक करतो, त्याला 'ईटीओ' म्हणतो. निर्जंतुक केल्यावरही ती उपकरणं कित्येक तास हवेशीर ठेवावी लागतात, कारण हा वायू माणसात कर्करोग घडवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेचं ठाम वर्गीकरण आहे. हाँगकाँगच्या बातमीनंतर आपल्या प्राधिकरणाने देशभर मसाल्यांचे नमुने घेतले आणि मे महिन्यात जाहीर केलं की हाती आलेल्या अहवालांत इथिलीन ऑक्साइड सापडलं नाही. चांगली बातमी आहे, मी ती मानतो. माझी तक्रार तारखेबद्दल आहे. हाँगकाँग बोललं नसतं, तर हे नमुने कधी घेतले असते? २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळात हेच रसायन सापडून मोठा गाजावाजा झाला होता. तीळ काय, मसाला काय, आपल्या संक्रांतीच्या लाडवांत आणि रोजच्या आमटीत तेच असतात.

आयातीकडे फार वेळ घालवत नाही, पण एक उदाहरण सांगतोच. कॅनडासारख्या देशांत काढणीआधी पीक एकसारखं वाळावं म्हणून डाळींच्या पिकावर ग्लायफोसेट हे तणनाशक फवारतात. तिथली मसूर आपण वर्षानुवर्षे आणतो. आयात डाळींत ग्लायफोसेट तपासा, असा आदेश एफएसएसएआयने ऑक्टोबर २०१८ मध्ये काढला. तेव्हा डाळीतल्या ग्लायफोसेटची आपली स्वतःची मर्यादाच ठरलेली नव्हती, म्हणून कोडेक्सची आंतरराष्ट्रीय मर्यादा लावायला सांगितलं. ग्लायफोसेट कितपत घातक आहे, यावर जगात वाद आहे. कर्करोग संस्था २०१५ मध्ये म्हणाली 'बहुधा कर्करोगकारक', युरोपची अन्न संस्था म्हणाली तसं दिसत नाही. वाद असू दे. पण मर्यादा ठरवायच्या आधी डाळ शिजूनही गेली होती.

आणि आता एक गोष्ट, जिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. युरोपात अन्नासाठी एक इशारा-यंत्रणा आहे, रॅसफ नावाची, १९७९ पासून. तिथे कुठल्या देशाच्या कुठल्या मालात काय सापडलं, याची यादी इंटरनेटवर कुणालाही बघता येते. भारतीय भेंडी, कढीपत्ता, तांदूळ, मसाले, सगळं तिथे आहे. म्हणजे माझ्या बाजारातल्या भेंडीबद्दल काही कळायचं असेल, तर मी ब्रुसेल्सच्या संकेतस्थळावर जायचं! आपल्या एफडीएने आपल्या जिल्ह्यात घेतलेल्या नमुन्यांचे, वाणानुसार, बाजारानुसार असे निकाल दर आठवड्याला लोकांपुढे ठेवायला कुठलंही यंत्र लागत नाही. फक्त इच्छा लागते.

या विषयावर बोललं, की तीन उत्तरं हमखास येतात. पहिलं, 'आपल्या लोकांना सगळं पचतं.' ऑर्गॅनोफॉस्फेट पचलं की काय होतं, ते जिल्हा रुग्णालयाच्या कुठल्याही ज्युनिअर डॉक्टरला विचारा. दुसरं, 'हे शेतकऱ्याच्या विरोधात आहे.' उलट आहे. विषाचा पहिला बळी शेतकरी आणि शेतमजूर असतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास माणसं गेली, शेकडो दवाखान्यांत पडली. कुठलं औषध विकलं जातंय, कशात काय मिसळून फवारायला सांगितलं जातंय, संरक्षक साधनं आहेत का, हे कुणी पाहत नव्हतं. ज्या देखरेखीने खाणारा वाचतो, तिनेच फवारणारा वाचतो. निर्यातदार शेतकऱ्याला विचारा, नोंदवही ठेवायला लागल्यापासून त्याचा औषधांचा खर्च वाढला की कमी झाला. तपासणीचा खर्च मात्र शेतकऱ्यावर टाकू नका. एका नमुन्याला काही हजार रुपये लागतात, ते बाजार समितीच्या सेसमधून आणि सरकारी तिजोरीतून द्या.

तिसरं उत्तर म्हणजे 'एवढ्या मोठ्या देशात अशक्य आहे.' शेजारच्या बांगलादेशकडे पाहा. तिथे हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग, लावला जायचा. शिसं मुलांच्या बुद्धीवर घाव घालतं आणि तो घाव भरून येत नाही. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के हळदीच्या नमुन्यांत ही भेसळ होती. संशोधकांनी पुरावे दिले, तिथल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जाहीर इशारे दिले, ढाक्याच्या घाऊक बाजारात हातात धरायच्या यंत्राने जागेवर हळद तपासून दंड केले, आणि ती बातमी टीव्हीवर दाखवली. २०२१ मध्ये भेसळ शून्य टक्क्यांवर आली. हळदीच्या गिरण्यांतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं जवळपास ३० टक्क्यांनी उतरलं. दोन वर्षांत, आपल्यापेक्षा कमी पैसा असलेल्या देशात. आपल्या सांगलीत हळदीचा एवढा मोठा बाजार भरतो, तिथे हे यंत्र घेऊन उभं राहायला काय अडचण आहे?

हातगाडीवाला ओरडतो, "एक्स्पोर्ट क्वालिटी, एक्स्पोर्ट क्वालिटी!" आणि आपण खूश होऊन दहा-वीस रुपये जास्त देतो. या दोन शब्दांचा अर्थ नीट बघा. चांगला माल बाहेरच्यांसाठी असतो आणि आपल्याला मिळाला तर ते आपलं नशीब, हे आपण कबूल करून टाकलंय. 'देशी क्वालिटी' असं कुणी अभिमानाने ओरडताना मी अजून ऐकलेलं नाही.

मागणी मोठी नाही. ग्रेपनेटचे जे अहवाल आपल्या मर्यादेतही नापास असतील, ते त्याच दिवशी एफडीएला जावेत. घाऊक बाजारात येणाऱ्या क्रेटवर बागेचा क्रमांक असावा. आंबा, डाळिंब, भाज्यांसाठीही मँगोनेट, अनारनेट, व्हेजनेट अशा प्रणाली निर्यातीला आहेतच, त्या देशातल्या बाजाराला जोडाव्यात. आणि नमुन्यांचे निकाल, पास झालेले आणि नापास झालेले, दोन्ही, लोकांना दिसावेत.

तोवर घरी काय करायचं? वाहत्या पाण्याखाली द्राक्षं हाताने चोळून धुवा. मीठ किंवा खायचा सोडा घातलेल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा स्वच्छ पाण्याने धुतलीत, तर वरवरचा अंश आणखी कमी होतो. साबण, डिटर्जंट वापरू नका. मात्र आंतरप्रवाही औषधं फळाच्या आत शिरलेली असतात, ती कशानेच धुतली जात नाहीत. सीसीसीही त्यातलंच. बेदाणा हा द्राक्षं वाळवूनच होतो, साधारण चार किलोंचा एक किलो, त्यामुळे अंश असलाच तर तो एकवटू शकतो. बेदाणाही धुऊन, भिजवूनच खा. एकच फळ रोज खाण्यापेक्षा फळं बदलत राहा.

आणि दोन कायदेशीर हक्क माहीत असू द्या. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार कुठलाही ग्राहक ठरलेलं शुल्क भरून अन्नाचा नमुना विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. खरेदी करतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. नमुना नियमबाह्य निघाला, तर शुल्क परत मिळतं. एकट्याला हे जड जाईल, पण एका हाउसिंग सोसायटीला किंवा महिला मंडळाला नाही. दुसरा हक्क माहितीचा. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून आपल्या जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहा: 'गेल्या तीन आर्थिक वर्षांत जिल्ह्यात ताज्या फळांचे व भाज्यांचे कीटकनाशक अंशांसाठी एकूण किती नमुने घेतले, किती मर्यादेबाहेर आढळले व त्यांवर काय कारवाई झाली?' महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, हा प्रश्न त्यात सहज बसतो. उत्तरासाठी त्यांना तीस दिवस असतात. मिळालेलं उत्तर इथे खाली लिहा, जिल्ह्याच्या नावासकट.